चानीचं पिल्लू दिसत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर गोव्यात फोंडा तालुक्यात, कुळागराला म्हणजे माड-पोफळीच्या बागेला लागून आहे. घरात आम्ही चानी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात ती खार होते. सुट्टीत पुण्या-मुंबईहून भाचरं येतात, पहिल्या दिवशी चानींच्या मागे धावतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "मामा, एवढ्या चानी आहेत, मग ह्यांची बाळं कुठेत?" शेजारीपाजारीही अधूनमधून विचारतात, आणि मे महिन्यात तर हातात पिल्लू घेऊनच कुणीतरी दारात उभं असतं. तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली.

खारीचं पिल्लू कधीच का दिसत नाही?

कारण त्याचं सगळं बालपण घरट्यात जातं. जन्मतः ते नागडं आणि आंधळं असतं, त्याचे कानही मिटलेले असतात. चालता येत नाही आणि अंग स्वतःचं स्वतः गरम ठेवता येत नाही. असा जीव घरट्याबाहेर आला तर तासभर टिकायचा नाही. ते बाहेर येतं तेव्हा अंगावर पूर्ण लव असते, पट्टे असतात, शेपूट असते आणि खोडावर सरसर चढताही येतं. म्हणजे ते आपल्याला दिसतं तेव्हा ते आपल्या डोळ्यांना 'चानी' झालेलं असतं. आपण पिल्लं बघत नाही असं नाही. बघतो, पण ओळखत नाही.

आत नेमके किती दिवस असतं?

चानी पाच-सहा आठवडे गाभण राहते आणि बहुधा दोन किंवा तीन पिल्लं देते. डोळे उघडायला साधारण तीन आठवडे लागतात. आईचं दूध पूर्ण सुटायला दहाएक आठवडे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ती घरट्याच्या तोंडाशी येऊन डोकावतात, फांदीवर हातभर जातात आणि कावळा ओरडला की आत पळतात. 'हे पिल्लू आहे' असं कुणालाही कळावं एवढे दिवस तेवढेच, आणि तेही जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर, झावळ्यांच्या आड. आठ-नऊ महिन्यांची झाली की ती स्वतःच आई व्हायला तयार.

घरटं कुठे असतं? आम्हाला तर तेही दिसत नाही.

माडाच्या शेंड्यात, झावळ्यांच्या बुडाशी जी तपकिरी जाळी असते ना, तिच्यात. पोफळीच्या डोक्यावर, आंब्याच्या दुबेळक्यात, फणसाच्या ढोलीत. आणि माणसाच्या घरात तर हमखास: कौलांखाली, वाशाच्या टोकाला, मीटरच्या पेटीमागे, हल्ली एसीच्या बाहेरच्या डब्यामागे. जमिनीवरून पाहिलं तर तो वाऱ्याने अडकलेला कचरा वाटतो. तसा तो असतोही.

एक घरटं मी अगदी नाकासमोर पाहिलंय. पावसाच्या आधी कौलं परतायला माणसं आली होती. त्यातला एकजण वरून ओरडला, "हांगा पिलां आसात!" मी शिडीवर चढलो. वासा आणि रीप यांच्या मधल्या खाचेत साधारण नारळाएवढा गोळा होता. बाहेरून काथ्या आणि सुकं गवत, आत मऊ थर: आमच्याच माळ्यावरच्या फाटक्या गादीचा कापूस, आईच्या गजऱ्याचा दोरा आणि पायपुसण्याच्या चिंध्या. त्यात तीन पिल्लं एकमेकांत गुंतून पडलेली. प्रत्येक पिल्लू काजूच्या बीपेक्षा जरा मोठं आणि तसंच वळलेलं. कातडी इतकी पातळ, की पोटात डाव्या बाजूला प्यालेलं दूध पांढऱ्या पट्टीसारखं दिसत होतं. नखं मात्र आत्ताच बारीक टोकदार. मी वाकून पाहत होतो तोवर पलीकडच्या कोन्यावर आई शेपूट झटकत चिक्-चिक्-चिक् करत राहिली, एक क्षण थांबली नाही. आम्ही तेवढी सात-आठ कौलं तशीच ठेवली आणि दुसऱ्या बाजूने काम सुरू केलं. दुपारच्या चहानंतर पाहिलं तर गोळा रिकामा.

रिकामा? पिल्लं गेली कुठे?

आईने हलवली. चानी एका घरट्यावर विसंबून राहत नाही. आसपास आणखी एखादं तिने तयार ठेवलेलं असतं. धोका वाटला, किंवा जुन्या घरट्यात पिसवा झाल्या, की ती एकेक पिल्लू उचलून तिकडे नेते. मांजर पिल्लाला मानेला धरते, चानी पोटाच्या कातडीला धरते आणि पिल्लू आईच्या मानेभोवती हातपाय-शेपूट गुंडाळून गोळा होतं. लांबून पाहिलं तर चानीने गळ्यात मफलर घातलाय की काय असं वाटतं. विजेच्या तारेवरून अशी चानी जाताना मी दोनदा पाहिलीय. फुनाम्बुलस हे तिचं शास्त्रीय नाव, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोरीवरून चालणारा डोंबारी. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती म्हणायची.

बाप काय करतो?

काही नाही. चानीच्या घरात सगळं आईच बघते.

वासरू जन्मलं की तासाभरात उभं राहतं. कोंबडीचं पिल्लू त्याच दिवशी दाणे टिपतं. मग चानीचंच असं का?

दोन वाटा आहेत. गाय बाळाला नऊ महिने पोटात वाढवते, कारण उघड्यावर जन्मलेल्या वासराला पळता आलंच पाहिजे. कोंबडीच्या अंड्यात तीन आठवडे पुरेल एवढा खुराक भरलेला असतो. चानीचं स्वतःचंच वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पोटात तीन मोठी पिल्लं घेऊन तिला माडावर उड्या मारता येतील का? म्हणून ती पिल्लं कच्चीच जन्माला घालते आणि पुढचं काम घरट्यावर सोपवते. कबुतराचंही थोड्याफार फरकाने हेच. पणजीतल्या माझ्या मित्राच्या बाल्कनीत कबुतरांचा उच्छाद आहे, पण आपण कबुतराचं पिल्लू कधी पाहिलं नाही असं तो छातीठोकपणे सांगतो. ते त्याच्याच जुन्या कूलरमागे वाढतं.

बाहेर पडलेलं पिल्लू मोठ्या चानीपासून ओळखायचं कसं?

शेपटीकडे बघा. मोठ्या चानीची शेपूट झुबकेदार, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. पिल्लाची बारीक आणि केस कमी असलेली. डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटतं. उडी मारायच्या आधी ते दोन-तीनदा अंग मागेपुढे करतं, अंदाज घेतं आणि कधीकधी उडी रद्दच करतं. आणि सहसा ते एकटं नसतं. दोन-तीन बारक्या चानी एकाच खोडावर एकमेकींच्या अंगावरून खेळत असतील, तर ती एका वेताची भावंडं समजा.

पाठीवरचे पट्टे जन्मतः असतात का? की रामाने बोटं फिरवल्यावरच येतात?

हा प्रश्न माझ्या सात वर्षांच्या भाचीचा. सेतू बांधताना वाळूचे कण आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटं फिरवली ही गोष्ट तिला पाठ आहे आणि ती मी मोडणार नाही. पण पिल्लू जन्मतं तेव्हा नुसतं गुलाबी असतं. थोड्या दिवसांत पाठीची कातडी काळसर होऊ लागते आणि लव यायच्या आधीच कातडीत पट्ट्यांची सावली दिसते. लव त्यावर नंतर उगवते. आपल्याकडच्या चानीला तीन फिकट पट्टे असतात. उत्तर भारतात पाच पट्ट्यांची वेगळी जात आहे. भाचीचं यावर म्हणणं, तिकडे रामाने पूर्ण हात फिरवला.

शेकरूचं पिल्लू तर त्याहून दुर्मिळ असेल?

हो. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. महाराष्ट्राचा राज्यप्राणी ती, आपल्या गोव्याचा गवा. वजन दीड-दोन किलो, शेपूट अंगापेक्षा लांब. ती जमिनीवर क्वचितच उतरते. एका वेताला पिल्लू एक, फार तर दोन. घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोल ढीग, उंच झाडाच्या टोकाला बारीक फांद्यांवर बांधलेला. तिथवर जड शिकाऱ्याला पोहोचता येत नाही. एकाच शेकरूची अशी बरीच घरटी असतात, त्यातलं कुठलं झोपायचं आणि कुठलं बाळंतिणीचं हे खालून कळणं कठीण.

उडती खार तर आणखी पुढची. ती रात्रीची फिरते, दिवसभर ढोलीत झोपते आणि पिल्लू बहुतेक वेळा एकच. आमच्या कुळागराच्या वरच्या अंगाला जंगल सुरू होतं, तिथे रात्री मी मोठी उडती खार दोन-चारदा पाहिलीय. तिचं पिल्लू एकदाही नाही.

बाहेर पडलेल्यांपैकी सगळी जगतात का?

नाही. धामण माडावर चढते, शिक्रा झडप घालतो, कावळे टपलेले असतात. आणि घराभोवती सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपण दूध घालून पोसलेली मांजर. आईचं घोषवाक्य म्हणजे गप्प राहा, आत राहा. आमची आजी म्हणायची, "पील खंय आसा तें आवयक विचार." आई सांगत नाही हीच तर त्यातली गंमत.

पिल्लू जमिनीवर पडलेलं सापडलं. काय करू?

हा प्रश्न मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त येतो. पावसाआधी फांद्या छाटल्या जातात, पाडेली नारळ पाडताना शेंडा साफ करतो, पहिल्या वाऱ्यात झावळ्या कोसळतात, आणि त्यांच्याबरोबर घरटंही.

सगळ्यात आधी कुत्रा-मांजर घरात बंद करा आणि तांबडे हुमले (मुंग्या) चढले असतील तर हलक्या हाताने काढा. मग पिल्लू गार पडलंय का ते बघा. गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही, आधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली जुन्या सुती कापडात गुंडाळा, शेजारी पिल्लू ठेवा. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. बाटली उघडी अंगाला लावायची नाही, चटका बसतो.

अंगावर जखम नसेल आणि पिल्लू गरम झालं असेल, तर ते आईला परत द्यायचा प्रयत्न करा. बुटांचा खोका किंवा नारळाची मोठी करवंटी घ्या, आत कापड घाला, पिल्लू ठेवा आणि ज्या झाडाखाली सापडलं त्याच झाडाला, हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर बांधा. खाली ठेवलंत तर हुमले येणारच. झाकण घालू नका, आईला आत शिरता यायला हवं. मग तिथून लांब जा. खिडकीतून बघा, अंगणातून नको. आई बहुतेक वेळा त्याच दिवशी येऊन उचलून नेते.

चानी दिवसाची फिरते. संध्याकाळी साडेसहानंतर आई येण्याची आशा धरू नका. पिल्लू घरात उबेला ठेवा आणि सकाळी उजाडताच परत बांधा. दुपारपर्यंत ती आली नाही, किंवा पिल्लू जखमी असेल, मांजराने तोंडात धरलं असेल, तर वनखात्याला किंवा जवळच्या पशुवैद्याला कळवा. मांजराच्या दाताची जखम दिसत नाही पण विषारी होते, त्यात वाट बघत बसू नये.

दूध पाजू का?

गाईचं-म्हशीचं पाजू नका. मी पाचवीत असताना पाजलं होतं. शाईच्या ड्रॉपरने, पिल्लाला उताणं धरून, पोट भरेपर्यंत. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात कडक झालं होतं. नंतर कळलं की मी एकदम तीन चुका केल्या होत्या. गाईचं दूध त्याला पचत नाही. उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आणि तिसरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती: एवढं लहान पिल्लू स्वतः मुतत नाही. आई चाटते तेव्हा त्याला लघवी होते. ती नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कोमट कापसाने हलकेच पुसावं लागतं, दिवसरात्र, दर दोन-तीन तासांनी. म्हणून सांगतो, हे काम जाणकाराकडे द्या. त्याच्याकडे नेईपर्यंत पिल्लाला हवी असते ती ऊब, भूक नंतरची.

माणसाचा हात लागला की आई टाकून देते ना?

नाही. हा समज घरोघरी आहे आणि त्यापायी चांगली धडधाकट पिल्लं लोक घरी घेऊन जातात. चानीला पिल्लाचा आवाज आणि वास दोन्ही ओळखता येतात, आपल्या हाताच्या वासाने ती बिथरत नाही. ती बिथरते ती आपण तिथेच उभं राहून मोबाईल रोखल्यामुळे.

पाळली तर? किती गोड असते!

दोन महिने गोड असते. मग ती पडदे चढते, वायर कुरतडते, बोट फोडते. पिंजऱ्यात वाढलेल्या चानीला मांजर म्हणजे काय हे कळत नाही, सोडली की आठवड्यात संपते. शेकरूच्या बाबतीत तर विचारच नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिला संरक्षण आहे.

चावली तर रेबीज होतो का?

खारी-उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ आढळत नाही. तरी जखम साबण-पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना दाखवा, रेबीजचं तेच बघून सांगतील. सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळायची. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. रानातून आणलेला कुठलाही लहान प्राणी उघड्या हाताने उचलू नका.

कौलांत किंवा एसीमागे घरटं आहे. काढून टाकू?

आधी आत पिल्लं आहेत का ते बघा. आई तोंडात कापूस, दोरे घेऊन वारंवार ये-जा करत असेल तर बाळंतपण जवळ आलंय किंवा झालंय. तेव्हा भोक बुजवलंत तर पिल्लं आत मरतात, वास आठवडाभर जात नाही आणि आई दुसऱ्या बाजूने पत्रा कुरतडत राहते. अडीच महिने थांबा. घरटं ओस पडलं की काढा आणि भोकाला बारीक लोखंडी जाळी मारा. प्लॅस्टिकची जाळी ती एका सकाळीत फाडते, माझे पैसे त्यात गेलेत. एसी चालू करायचाच असेल तर घरटं न हलवता चालू करून बघा, आईला आवाज नको झाला तर ती स्वतःच जागा बदलते.

माड तोडायचा आहे, काही करता येईल का?

शक्य असेल तर तोडण्याच्या आदल्या दिवशी शेंडा तपासायला पाडेलीला वर पाठवा. तो चार मिनिटांत सांगतो. आपल्याकडे माडाचं नशीबही अजब आहे, २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून त्याला वगळलं आणि २०१७ मध्ये परत आत घेतलं. चानीला या दोन्हींचा पत्ता नव्हता.

चानी कुळागराचं नुकसान करते, तरी तुम्ही एवढं कौतुक करता?

करते. कोको असेल तर फळं पोखरते, कोवळी सुपारी पाडते. शेकरू तर नारळालाच भोक पाडते. पण माकडं एका सकाळी जे करतात त्याच्या तुलनेत ही किरकोळ वसुली आहे. तुमचं गणित वेगळं असू शकतं, मी वाद घालत नाही.

मला पिल्लं बघायचीच आहेत. कुठे, कधी?

शेकरूसाठी बोंडला, मोले किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात जा. जानेवारी ते मार्चमध्ये पानगळ झालेली असते, त्यामुळे उंचावरची घरटी निदान दिसतात. बोंडला अवघं आठ चौरस किलोमीटर आहे, दुर्बीण घेऊन सकाळी लवकर गेलात तर फार चालावं लागत नाही.

चानीसाठी कुठे जायलाच नको. आपल्याच अंगणातलं एक झाड निवडा, जिथे चानी तोंडात चिंध्या घेऊन जाताना दिसलीय असं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिथून दोन महिने मोजा. नवव्या-दहाव्या आठवड्यात, ऊन तापायच्या आधी, साडेसहा ते आठच्या दरम्यान चहाचा कप घेऊन पायरीवर बसा. फ्लॅश नको, खाऊ टाकणं नको. आई शेपूट झटकत चिक्-चिक् करू लागली तर तुम्ही फार जवळ आहात, चार पावलं मागे या. ती गप्प होऊन खायला लागली की पाच मिनिटं थांबा. मग झावळीच्या बुडाशी बघा.